एका केबलवरच्या पाच डिस्क

"चार डिस्क मेल्यात म्हणे," सुगंधाताईंनी पाच हार्ड डिस्कचा डबा आणि नवा पीसी माझ्या काउंटरवर ठेवला. "टोकावड्याचं अख्खं लग्न त्यातल्या एकीत हाय. आता नवरानवरीला परत बोहल्यावर उभं करू का?"

ताईंचा धसईत फोटो स्टुडिओ आहे, माझं मुरबाडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. नवा पीसी मात्र त्यांनी शहापूरहून घेतला, तोही माझ्याकडे भाव काढून. मी शहापूरवाल्याला फोन लावला.

"चार डिस्क एकदम मेल्या? साथ आली होती का रे?"

"तू वायरमन. तुला काय कळतंय? स्क्रीनवर एकच दिसते."

मी वायरमन होतो, खरं आहे. ते त्याने तालुकाभर सांगायची गरज नव्हती. फोन आपटला.

'मेलेली' एक डिस्क काढून डब्याच्या पहिल्या खाचेत घातली. उघडली. बाकीच्याही तशाच उघडल्या. म्हणजे डिस्क जिवंत होत्या, पीसीला फक्त पहिली खाच दिसत होती.

असल्या डब्यात पाच डिस्क असतात आणि बाहेर एकच केबल येते. आत पोर्ट मल्टिप्लायर नावाची चिप असते. एका घरात पाच भाऊ आहेत असं समजा. नुसती कडी वाजवली तर थोरला बाहेर येतो, बाकीच्यांना नावाने हाक मारावी लागते. नव्या पीसीच्या पोर्टला ती हाक येत नव्हती. जुन्या पीसीत त्यासाठी वेगळं कार्ड होतं, आणि तो पीसी ताईंनी शहापूरला एक्स्चेंजमध्ये दिला होता.

"माझ्याकडे दिला असता तर..."

"दादा, भांडायचं का कार्ड आणायचं?"

दुसऱ्या दिवशी ताई ते कार्ड घेऊन हजर.

"दिलं त्याने?"

"नाय देत होता. म्हटलं, टोकावड्याची वऱ्हाडी मंडळी तुमच्या दुकानात पाठवते."

एवढी घासाघीस केली मी आयुष्यात, हे मला सुचलं नसतं.

कार्ड बसवलं, तर नवीन विंडोज ते ओळखेना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, जुन्या विंडोजपुरताच होता. मग पेनड्राइव्हवरून विंडोजच्या जागी लिनक्स सुरू केलं. ड्रायव्हर त्यात आधीच होता. पाचही डिस्क ओळीने आल्या. बाजारातून गेलेल्या कार्डासाठी कुणीतरी तो प्रोग्रॅम अजून सांभाळतंय आणि फुकट देतंय. भाव पाडायला समोर माणूसच नाही.

ताईंनी फाइल उघडली आणि टोकावड्याचा बँड दुकानभर वाजला. मी सगळं एका नव्या डिस्कवर उतरवून दिलं.

डिस्क दिसत नाही म्हणून ती मेली असं धरू नका. आधी सिस्टिमला तो डबा वाचता येतो का, ते पाहा. आणि प्रत्येक कामाच्या दोन कॉपी ठेवा. ताई अजून एकच ठेवतात.