गैरहजर बाईंचा नकार

मुलं तिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणायची आणि तोंडावर ‘सर’. खोडी म्हणून नव्हे हो! जेझुइट पंथाच्या फादरांनी चालवलेली मुलांची शाळा ती, इथून निघालं की थेट कॉलेजात. शिकवणारे एक तर फादर, नाहीतर सर. फळ्यापुढे बाईमाणूस कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि अख्खी तुकडी सवयीने उठून ओरडली, “गुड मॉर्निंग, सर!”

“बसा,” ती म्हणाली. “आधी भूमिती शिका, मग मला काय हाक मारायची ते ठरवा.” भूमिती आली, पण ‘सर’ काही सुटलं नाही.

तिला नोकरीवर घेतलं तेही मोठ्या मनाने वगैरे नाही. गणिताचे सर ऐन वर्षात अंथरुणाला खिळले आणि दुसरा माणूस मिळेना. “अडला हरी, मग पाय कुणाचे धरणार?” असं तीच हसत सांगायची. भूमिती ती शिकली होती थोरल्या भावाच्या शेजारी बसून. भाऊ याच शाळेत जायचा. तो घरी अभ्यास करायचा आणि ही त्याची प्रमेयं त्याच्या आधी सोडवून त्याला छळायची. त्यांचे वडील बंदरावर पोती वाहायचे. भाऊ शिकून जहाजावर इंजिनीअर झाला, आणि वडिलांच्या पाठीवरचं पोतं तेव्हा कुठे उतरलं.

आता हमालाचा मुलगा असल्या शाळेत कसा, असं आज कुणीही विचारेल. अहो, शाळा सुरूच झाली ती हमालांच्या पोरांसाठी! धक्क्याजवळ तंबाखूची एक रिकामी वखार होती. तीन फादरांनी ती झाडून घेतली, मोडकी बाकं मांडली आणि हमालांची, खलाशांची पोरं गोळा केली. मुलं तंबाखूच्या वासाने शिंकत शिंकत लॅटिन शिकली. मग शाळेचं नाव झालं. दगडी इमारत आली, मनोरा आला, डॉक्टरांची नि वकिलांची मुलं आली. जुनी पोरं सरकत सरकत जिन्याखालच्या खोलीत गेली. तीच ‘क’ तुकडी. आणि ‘क’ची वर्गशिक्षिका कोण, तर आपली तोफ.

एके दिवशी मधल्या सुट्टीत लॅटिनचे सर तिच्याजवळ आले. माणूस भला, पण पोटात काही म्हणून राहायचं नाही.

“बाई, ‘क’ तुकडी बंद होतेय,” ते हळूच म्हणाले. “शाळेचा निकाल खाली ओढते म्हणे. शुक्रवारच्या सभेत ठरेल.”

“ठरेल कसं? मी नाही म्हणेन!”

“तुम्ही?” सरांना हसू आलं. “तुम्ही तर सगळ्यात समंजस. अकरा वर्षांत कशालाच नाही म्हणाला नाहीत.”

मग तिला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं ते त्यांनी उलगडून सांगितलं. त्या पहिल्या तीन फादरांनी घालून दिलेली रीत होती. तुकडी उघडायची, बंद करायची, माणूस ठेवायचा, काढायचा, सगळं शिक्षकांच्या सभेत आणि सगळ्यांच्या एकमताने. तोंडाने बोलेल तेच मत, चिठ्ठीचपाटी चालायची नाही. आणि जो गैरहजर, त्याचा होकार धरायचा. आता ही सभा भरायची फादरांच्या जेवणघरात, आणि फादरांच्या राहत्या भागात बाईने पाऊल टाकायचं नाही, हा तर त्यांच्या पंथाचा त्याहून जुना नियम. म्हणजे दर सभेला तोफ गैरहजर, आणि दर ठरावाला तोफेचा होकार!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती रेक्टर फादरांकडे गेली. ते शाळेचे मुख्य. “सभा एखाद्या वर्गात घ्या,” ती म्हणाली. रेक्टर शांतपणे हसले. “बाई, रीत मी पाडलेली नाही, आणि मोडणारही नाही.”

“आणि माझी पोरं? ती कुठं जातील?”

“कुठं तरी जातीलच की.”

कुठं तरी म्हणजे कुठं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पोत्याखाली. त्या रात्री तिने ताट बाजूला सारलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. “जेव आधी. तुझ्या तोंडाला कुलूप लावता लावता मी थकले. आता जरा त्यांनाही थकू दे.”

शुक्रवारी दुपारी ती शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. हे स्वयंपाकघर फादरांच्या राहत्या भागाच्या दाराच्या अलीकडे. इथून जेवणघरात ताटं सरकवायला भिंतीत एक खिडकी होती, वर उचलायच्या फळीची. स्वयंपाकीण मावशींनी तिच्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि हात पुसत म्हणाल्या, “इथं कुणी उभं राहायचं ते मी ठरवते. राहा उभी.”

फळीपलीकडून एकेकाचा आवाज येत होता. हो. हो. हो. लॅटिनच्या सरांचा ‘हो’ जरा उशिरा आला, पण आला. नोकरी गेली तर दुसरी कुठली शाळा तोफेला दारात उभी करणार होती? रेक्टर म्हणाले, “म्हणजे एकमताने…”

मावशींनी फळी खाडकन वर केली.

“नाही!” तोफ म्हणाली. खिडकीतून तिचं डोकं आत, बाकीची ती बाहेर.

एकजण दचकून उभाच राहिला. रेक्टरांचा चेहरा लाल झाला. “बाई! तुम्हाला इथं यायची परवानगी नाही.”

“मी कुठं आलेय? माझे पाय स्वयंपाकघरात आहेत.”

“मग तुम्ही गैरहजर आहात!”

“गैरहजर माणूस बोलतो होय?”

टेबलाच्या टोकाला तर्कशास्त्र शिकवणारे म्हातारे फादर बसले होते. ते खोकले की हसले, कळलं नाही. “तिचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “गैरहजराचा होकार धरायचा तो त्याला बोलता येत नाही म्हणून. ही गप्प आहे असं मला तरी वाटत नाही.”

“माझा बाप हमाल होता,” तोफ म्हणाली. “माझा भाऊ याच तुकडीत शिकला. ही शाळा त्या पोरांची आहे, तुम्ही मागून आलात. निकाल कमी येतो? मग जास्त शिकवा! मी नाही म्हणते. इथं बसलेल्या सगळ्यांनी हो म्हटलं तरी नाही.”

रीत मोडणार नाही म्हणणारे रेक्टर आता रीतीतच अडकले होते. ते टेबलावर बोट आपटत राहिले. “ठीक आहे,” शेवटी ते म्हणाले. “‘क’ तुकडी राहील. पण बाई, पुढच्या वर्षी या शाळेला तुमची गरज राहणार नाही.”

मावशींच्या हातातला आमटीचा डाव तसाच हवेत राहिला. तोफेने खिडकीच्या चौकटीवर दोन्ही कोपरं टेकवली आणि नीट ऐसपैस उभी राहिली.

“बरं,” ती म्हणाली. “तो ठरावही इथंच होईल ना, एकमताने? मग घ्या मतं. मी थांबलेय.”