राबिघच्या काठाने, सुकतीची वाट बघत

लाल समुद्राच्या काठाने पायी भटकायचं मनात असेल, तर एक अनुभवाचा सल्ला: इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, खिशात ठेवा आणि सोबती निवडताना त्यालाही विचारा, तो तुम्हाला का निवडतोय.

मी समुद्र बघायला गेलोच नव्हतो. मी गेलो होतो इब्राहिमचाचांवर नजर ठेवायला.

आखाती युद्धाचा तो हिवाळा. मी सौदीतल्या राबिघच्या एका कामगार कॅम्पात वेल्डर होतो, चाचा प्लंबर. ते बाणकोटचे, मी दापोलीचा. युद्ध सुरू झालं आणि कॅम्पात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागला. माझा स्वभाव तर मुळातच संशयी, दूधवाल्यासमोर दूध बोटाने चाखून घेणारा. चाचांच्या उशाखालची वही मी गुपचूप उघडली, तर प्रत्येक दिवसापुढे दोन वेळा लिहिलेल्या. रोज पाऊण तासाने पुढे सरकणाऱ्या. मनात म्हटलं, ही जहाजांची टिपणं. नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय.

आठवड्यावर चाचांच्या लेकीचं लग्न होतं. तीन वर्षांनी रजा मंजूर झाली होती. रजेच्या शिक्क्यासाठी त्यांचा इकामा ऑफिसात दिलेला, हातात नुसती चिठ्ठी. तरी शुक्रवारी सकाळी म्हणाले, "चल, खाडी उतरून पलीकडं जाऊ. तिसऱ्या-शिंपल्या गावतील."

राबिघच्या बाजारापर्यंत पिकअपने दोन-दोन रियाल. तिथे तळलेला मासा आणि खुब्ज, म्हणजे अरबी रोटी, बांधून घेतली नि काठाने उत्तरेकडे चालू लागलो. वाळू कडक, चालायला उत्तम. पाणी इतकं निळं, की मला त्याचाही संशय आला. दीड तासाने खाडीचं तोंड लागलं. चाचांनी पाण्याच्या कडेला काठी रोवली.

"आज चांदाची दहावी. दोनला सुकती, पाणी उतरंल. गुडघाभर पाण्यातनं पलीकडं."

दोन वाजले. पाणी काठीपासून चार बोटंही मागे सरलं नाही. तीन वाजले. चाचा एकदा वही बघत, एकदा काठी. बाणकोटच्या खाडीत बापजाद्यांनी होडी चालवलेली. चंद्रावरून भरती-ओहोटी काढायचा हिशोब त्यांच्या रक्तात होता. परमुलखातही, समुद्र न बघताच, ते तो रोज कॅम्पात मांडत होते, एवढंच. फक्त हा समुद्र तो पाळत नव्हता; इथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभर.

"ह्यो समुद्र हलतच नाय रे!" चाचा रडवेले झाले. मी मात्र अजून वहीकडेच बघत होतो.

तेवढ्यात किनारा पोलिसांची जीप आली. दोन परदेशी माणसं, रोवलेली काठी, आकड्यांची वही. शिपायाने माझा इकामा बघितला, चाचांची चिठ्ठी बघितली. मग मला विचारलं, "ये तुम्हारा सदीक?"

सदीक म्हणजे दोस्त. मी म्हणालो, "मालूम नहीं. कॅम्प में रहता है."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. जीप त्यांना घेऊन गेली.

कफीलचा, म्हणजे आम्हाला कामावर आणणाऱ्या मालकाचा, माणूस जाऊन त्यांना सोडवून आणेपर्यंत पाच दिवस गेले. युद्धात विमानं मोजकीच, त्यांचं निघून गेलं. निकाह बापाशिवाय झाला. चाचा त्यावरून मला शब्दानेही बोलले नाहीत, आणि त्याचीच मला लाज वाटते.

पुढे मी कायमचा घरी परतलो. धीर करून बाणकोटला गेलो. लेकीने चहा दिला, माझं नाव विचारलं. मग चाचा खाडीवर घेऊन गेले. त्यांनी सांगितलेल्या वेळेला पाणी निमूट ओसरलं. मी पँट वर दुमडू लागलो.

"तू हितंच थांब," चिखलात उतरत ते हसून म्हणाले. "कुणी इचारलं तर सांग, म्हातारा वळखीचा नाय."

मी काठावर उभा राहिलो. कुणीतरी यावं आणि विचारावं, असं फार वाटत होतं. पाणी परत भरेपर्यंत कुणीच आलं नाही.