आधी बटन, मग हात

नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचा तिखट वास नाकात शिरला की मला ती आठवते. मिरचीच्या कारखान्यात दळणाच्या शेडवर मी सुपरवायझर आहे आणि तेव्हा शेजारच्या शेडवर ती होती. काम सुरू होण्याआधी दोघींनाही आपापल्या कामगार बायकांची सुरक्षेची छोटी मीटिंग घ्यावी लागे. मी सूचना वाचून दाखवायची, बायका जांभया द्यायच्या. ती मात्र एकच प्रश्न विचारायची आणि त्याचं उत्तर कुणाकडून तरी प्रत्यक्ष करून घ्यायची; तिकडचं हसू माझ्या शेडपर्यंत यायचं आणि माझा जीव जळायचा. एकदा बस चुकल्याने मला उशीर झाला, तेव्हा माझ्या बायकांची मीटिंगही तिनेच घेतली. त्याच दुपारी आमच्या यंत्रात मिरची अडकली. माझ्या शेडमधली एक बाई हात घालणार तोच थबकली आणि तिने आधी बटण बंद केलं. मी धावत जाऊन तिचा हात धरला. सगळी बोटं जागेवर होती. "तुले हाई कोनी सांगं?" मी विचारलं. "त्या ताईनी. सकायले मन्हाकडथून करी लिधं, पहिले बटन, मंग हात." सकाळी तिने हिच्याकडून ते करून घेतलं होतं; मी मात्र हेच रोज नुसतं वाचत होते. तिची बोटं वाचल्याचा आनंद खरा होता, पण ते "ताईनी" मिरचीपेक्षा जास्त झोंबलं. आता मीही तशाच मीटिंगा घेते, बायका मन लावून ऐकतात. पण कुणी कौतुक केलं की ते तिच्याच वाट्याचं वाटतं, आणि जळणं अजून थांबत नाही.