दुसरी स्पर्शिका

घाटंजीच्या शाळेत श्रीकृष्ण सरांनी अठ्ठावीस वर्षं भूमिती शिकवली. एवढ्या वर्षांत आपल्या हातून कुणाला अर्धा मार्कही फुकट गेला नाही, ही त्यांची मोठी ऐट. डावीकडे आदर्श उत्तरांचा कागद, उजवीकडे पोरांचा पेपर, आणि ओळीला ओळ जुळली की टिक. माणूस प्रामाणिक होता हो, पण प्रामाणिक माणसाचा हेका फार वाईट. तो सगळ्यांना तपासतो, फक्त स्वतःला सोडून.

दहावीच्या वर्गात पुंडलिकरावांची वैष्णवी होती. बाप कपाशी-तुरीवाला, आणि पोरगी अशी की प्रत्येक पायरीला कारण विचारायला बोट वर. "सर, हे असं काहून?" सर वैतागत, पण एखाद्या दिवशी ती आली नाही तर वर्ग त्यांना अळणी लागे.

सराव परीक्षेत स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय आलं, चार मार्कांना. वैष्णवीने पुस्तकातली आकृती काढलीच नाही. तिने जीवेच्या दुसऱ्या टोकालाही एक स्पर्शिका काढली. सरांच्या कागदावर दुसरी स्पर्शिका नव्हती. त्यांनी लाल रेघ मारून शून्य दिलं. ती विचारायला आली तेव्हा भर वर्गात म्हणाले, "दीडशहाणपण कायले केलं? पुस्तकात हाय तेच लिहायचं." पोरं खो-खो हसली. वैष्णवी पेपर घडी घालून जाग्यावर बसली.

महिन्याभराने उजळणी चालली होती. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून सरांनी दोन स्पर्शिका काढल्या, त्यांचे स्पर्शबिंदू जीवेने जोडले. त्या लांबीला सारख्या, म्हणून जीवेशी त्यांचे कोन सारखे. त्रिज्या दोघींना लंब. चौकोनाच्या कोनांची बेरीज तीनशे साठ, म्हणजे केंद्राशी होणारा कोन त्या कोनाच्या दुप्पट... खडू तिथेच थांबला. प्रमेय सिद्ध झालं होतं. फळ्यावर वैष्णवीची आकृती उभी होती, आणि तिची सिद्धता पुस्तकातल्यापेक्षा आखूड होती. पहिल्या बाकावर वैष्णवी फळ्यावरचं मुकाट्याने वहीत उतरवत होती. तिने बोट वर करून किती दिवस झाले, हे त्यांना आत्ता आठवू लागलं.

तास सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं. लाज गिळून म्हणाले, "वैष्णवी, तुही सिद्धता बरोबर होती. चूक माही झाली. चारपैकी चार देतो, उद्या वर्गातही सांगतो."

"राहू द्या सर," ती म्हणाली. "आता पुस्तकातलं पाठ झालं मले."

आणि हात मागे बांधून तिने पक्ष, साध्य, सिद्धता असं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पाढे म्हणावेत तसं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आदर्श उत्तराच्या कागदाशी ओळ न् ओळ जुळत होती. मार्क देणं सोपं होतं. पोरीचं ते 'काहून' कुठून परत आणायचं?

त्यांनी तिला मध्येच अडवलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

"थांब. त्रिज्या स्पर्शिकेले लंबच काहून असते, सांग बरं?"

वैष्णवी गोंधळली. तिने फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुस्तकात हाय, सर."