माराची चटक

माझ्या वरच्या ओळीतला समोरचा एक दात खोटा आहे. कुणी विचारलंच तर स्कूटरवरून पडले असं सांगून मी मोकळी होते. खरं म्हणजे तो एका पेशंटनं पाडला, सांगलीतल्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात, सकाळच्या चहाच्या वेळी. त्यात त्या माणसाचा दोष नव्हता.

तो आमच्याकडे आला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. फौजेतून निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आपल्या गावी परतलेला, चाळिशीचा, दणकट बांध्याचा माणूस. बैलाच्या कासऱ्यानं त्याचे हातपाय बांधले होते. बनियन पाठीला चिकटलं होतं, ते सोडवताना खालची खपली निघाली आणि नर्सनं तोंड फिरवलं. पाठीवर जागा शिल्लक नव्हती इतके वळ होते.

बरोबर त्याचा थोरला भाऊ होता. हातात ठिबकची काळी नळी, दुहेरी करून पिळलेली.

"म्याडम, आमी आमच्या परीनं सोलून काढलाय," तो म्हणाला. "आता तुमी तुमचं औषध घाला."

"का मारलंत एवढं?"

"बायकूला मारतोय पिऊन. दुसरं काय करायचं? मार हाच इलाज हाय बगा ह्यास्नी."

बायको ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आली होती. खाली उतरली, पण जवळ आली नाही. तिच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता आणि तो वाळून तपकिरी पडला होता. मी काही विचारलं, तसा तिनं चेहरा फिरवून उजवा कान माझ्याकडे केला. "ह्या बाजूनं इचारा ताई. तिकडचं बंद झालंय."

नवऱ्यानं फौजी पट्ट्याच्या बकलानं मारलं होतं. मग त्याला भावानं नळीनं. दोघांच्याही अंगावरचं रक्त एकाच पदराला पुसलेलं दिसत होतं.

दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी काहींच्या डोक्यात वादळ उठतं. नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं. आमच्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली होती, तरी त्याचं वादळ उठलंच. सकाळी वॉर्डात आरडाओरडा झाला म्हणून मी धावले. त्यानं सलाइनची सुई उपसली होती, हातातून रक्ताची धार लागली होती, आणि सलाइनचा लोखंडी स्टँड रायफलसारखा धरून तो भिंतीला पाठ लावून उभा होता. "कौन है? हाथ ऊपर!" डोळे माझ्यावर होते, पण त्यांत मी नव्हते.

अशा वेळी आवाज खाली ठेवायचा, हात दिसतील असे ठेवायचे, हे मीच इतरांना शिकवते. तसंच केलं. "तुम्ही सांगलीत आहात," म्हणाले. वाक्य पुरं व्हायच्या आत स्टँडचा पाय माझ्या तोंडावर आला. दुखलं नाही. नुसता मोठा आवाज झाला, डोक्याच्या आत. मग जिभेवर काहीतरी कडक फिरायला लागलं, तो दात होता. वॉर्डबॉय त्याच्यावर तुटून पडले. त्याला पालथा पाडल्यावरही एकजण त्याच्या बरगडीत गुडघा घालत राहिला. "मारू नका!" मी ओरडले, पण तोंडातून शब्दाऐवजी रक्तच बाहेर पडलं.

शुद्धीवर आल्यावर त्याला यातलं काही आठवत नव्हतं. माझा सुजलेला ओठ बघून त्यानं विचारलं, "आवं म्याडम, कुणी मारलं तुमास्नी?"

लपवण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही," मी म्हणाले.

त्यानं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. परत आपटलं. मी त्याच्या डोक्यामागे उशी धरली, तर तो उशीवर आपटत राहिला. त्याच्या घरात अपराध फेडायची दुसरी रीतच कुणाला ठाऊक नव्हती.

मला ती रीत नवी नव्हती. माझं आजोळ औंधचं. धाकटा मामा प्यायचा. एकदा घरच्यांनी त्याला यमाईपुढे नेऊन शपथ घ्यायला लावली, आणि ती मोडल्यावर पारावरच्या लिंबाला बांधलं. पहिला फोक आजोबांनी मारला. मग भावकीतल्या एकेकानं. मी समोरच्या ओट्यावरून बघत होते. मामाचं ओरडणं हळूहळू बारीक होत गेलं, आणि शेवटी मांजराचं पिल्लू कण्हावं तसं झालं. मला त्याहून जास्त लक्षात राहिलं ते नंतरचं. मारणारी माणसं हातपाय धुऊन आमच्या ओसरीवर चहाला बसली, तेव्हा ती फार प्रसन्न होती. एकजण दुखरा दंड चोळत हसत होता. मामानं पुढच्या बाजाराला परत घेतली. तो कावीळ होऊन गेला, पण तोवर त्याला किती वेळा बांधलं असेल ते देवीलाच माहीत.

मानसशास्त्राकडे मी त्यामुळे वळले. संशोधनाला विषयही तोच घेतला: व्यसन आणि वागणुकीचे उपचार. त्याचं सार साधं आहे. जे केल्यानं गोड फळ मिळतं ते माणूस पुन्हा करतो, आणि फळ जितकं लगेच मिळेल तितकी पकड घट्ट. दारू फळ लगेच देते. तब्येत, संसार, अब्रू यांची फळं उशिरा येतात. म्हणून न पिण्यालाही लगेचचं फळ जोडून द्यायचं, अगदी छोटं का होईना. आमच्याकडे पेशंट आठवड्यातून दोनदा यायचे आणि श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायचे. त्या यंत्राला त्यांनी फुकणी नाव ठेवलं होतं. श्वास स्वच्छ निघाला की बरणीतून चिठ्ठी काढायची. कुणाला टॉवेल, कुणाला टॉर्च, पुष्कळांना नुसतं 'शाब्बास', आणि नशीब असेल तर कुकर. "दारुड्यांना बक्षिसं वाटतेय," म्हणून शहरातले शिकलेले लोकही हसायचे. पण पेशंट येत राहायचे, आणि मला तेवढं पुरत होतं.

फौजीला पहिल्यांदा स्टीलचा तांब्या मिळाला. तो त्यानं उलटासुलटा करून पाहिला. "सरहद्दीवर हुतो तवा मेडल मिळालं हुतं. आता तांब्या," तो म्हणाला, आणि लाजून हसला. तो तांब्या त्यानं एसटीत मांडीवर धरून नेला, असं बायकोनं मला नंतर सांगितलं.

तिलाही मी वेगळं बोलवायचे. नवरा शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याजवळ बसा, बोला, आवडीचं करा. पिऊन आला तर भांडू नका, समजावू नका, लेकीला घेऊन शेजारी निघून जा. पिशवी आधीच भरून ठेवा.

"आन् जाऊच दिलं न्हाई तर?" तिनं विचारलं.

दार उघडं ठेवा, शेजारणीला आधी सांगून ठेवा, पोलिसांचा नंबर पाठ करा, असं मी सांगितलं. ती ऐकत होती, पण तिला अजून काहीतरी ऐकायचं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

काही महिने बरे गेले. फौजीचे गाल भरले, लेकीला तो शाळेत सोडायला लागला. मग बेंदूर आला. बैलांची मिरवणूक झाली, दुपारी वस्तीवर माणसं बसली. थोरला भाऊ सणासुदीला घ्यायचा आणि स्वतःला दारुडा समजत नव्हता. त्यानंच धाकट्याच्या हातात ग्लास दिला. "एका घोटानं काय हुतंय रं? सणाचं हाय."

पुढचं मला बायकोनं सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. तिच्या गळ्यावर चार बोटं आणि एक अंगठा स्पष्ट उमटला होता, आवाज फाटला होता.

तो झोकांड्या खात आला, तशी ती पिशवी आणि लेकीला घेऊन उठली. लेक उंबऱ्याबाहेर पडली. बायकोला मात्र त्यानं मागून केसांना धरलं. "सोडून चाललीस व्हय?" म्हणत आत ओढलं, चुलीच्या ओट्यावर आदळलं, आणि गळा धरला. तिला श्वास मिळेना. चाचपडत्या हाताला खलबत्त्यातला लोखंडी बत्ता लागला.

"पयला घाव खांद्यावर बसला," ती म्हणाली. "काडकन आवाज झाला. त्येनं गळा सोडला. तवाच थांबाया पायजे हुतं ताई. त्यो खाली पडला हुता. पर हात थांबंना. मारतच राहिले. जबड्यावर, हातावर. लय बरं वाटत हुतं."

शेवटचं वाक्य ती कुजबुजली, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आता तिला हाकलून देणार.

फौजीचं गळपट्टीचं हाड आणि जबडा मोडला होता. तो आत तारा लावून पडला होता, जिवंत होता.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी थोरला भाऊ माझ्या खोलीत शिरला. बाहेर बाकावर पेशंट बसलेले होते. त्यानं आतून कडी घातली.

"बायकास्नी नवरा मारायला शिकवतीस?"

मी उठायच्या आत त्यानं टेबल उलथलं. फुकणी फरशीवर पडून फुटली, बरणीचा चुरा झाला, चिठ्ठ्या सगळीकडे उडाल्या. मग त्यानं माझ्या कानाखाली अशी दिली की मी बक्षिसांच्या कपाटावर जाऊन आदळले. काचा खाली आल्या. त्यानं माझा दंड धरून मागे पिळला, आणि खांद्यातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या हाताला काय लागतंय ते मी बघितलं नाही. कुकर होता. कोऱ्या कुकरची मूठ माझ्या हातात होती आणि तो मी पूर्ण ताकदीनं त्याच्या तोंडावर हाणला. भुवई उसवली. तो गुडघ्यावर आला, हात वर धरून. मी परत हाणला. त्या हातांवर.

तेवढ्यात पेशंटांनी दार फोडलं आणि आमच्यामध्ये शिरले. ते आले नसते तर मी तिसऱ्यांदा हाणला असता. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कारण बरं वाटलं होतं. भीती गेली, खांद्याचं दुखणं गेलं, अंगभर ऊन पसरावं तसं झालं, आणि तेही घावाच्या त्याच क्षणी. मी वर्षानुवर्षं ज्याच्याबद्दल लिहीत होते ते लगेचचं फळ माझ्याच हातात पडलं होतं. आजोळच्या ओसरीवरची ती प्रसन्न माणसं मला तेव्हा समजली. मार खाणारा काय शिकतो याचा अभ्यास आम्ही केला होता. मारणाऱ्याला काय मिळतं, हे मात्र मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. फौजीला दोन व्यसनं होती, आणि आम्ही एकाचाच श्वास तपासत होतो.

पोलिसात तक्रार दिली. गावची चार वजनदार माणसं मिटवायला आली. "बाईमाणसानं कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढायच्या," म्हणाली. मी मिटवलं नाही. माझ्या हातून घडलेलंही जबाबात जसंच्या तसं लिहून दिलं. खटला अजून चालू आहे. तारखेला थोरला भाऊ आणि मी एकाच बाकावर बसतो, त्याच्या भुवईवर पांढरी रेघ आहे.

बायको लेकीला घेऊन आष्ट्याला माहेरी गेली. तिथं एका ऊस रोपवाटिकेत कामाला लागली. फौजीनं तिच्याविरुद्ध काही लिहून द्यायला नकार दिला. जबड्याच्या तारा निघाल्यावर तो एकटा एसटीनं आमच्याकडे आला.

"प्याचं सुटंल म्याडम," तो म्हणाला. "पर हाताचं काय करायचं?"

त्या प्रश्नावर आम्ही दोघांनी फार काम केलं. राग चढायच्या आधी अंगात काय होतं ते त्याला शोधायला लावलं. आधी तो म्हणायचा, "काय हुत न्हाई, एकदम हात उठतो." मग हळूहळू त्याला सापडत गेलं: कानामागं गरम होतं, दाढा आवळतात, डावा पाय पुढे सरकतो. पाय सरकला की त्याच पायानं खोलीबाहेर जायचं, चालत राहायचं, श्वास उतरला की परत यायचं. आलं की ते बोलून दाखवायचं. माराबद्दल बोलताना तो कधीकधी ओकायचा. एकदा त्यानं सांगितलं की कानावर बकल बसलं तेव्हाचा बायकोचा आवाज त्याला आवडला होता. असं कुणी माझ्याजवळ आधी कधी कबूल केलं नव्हतं. ऐकून मला त्याला मारावंसं वाटलं, आणि मी ते त्याला सांगितलं. मग आम्ही दोघंही बाहेर चालायला गेलो, वेगवेगळ्या दिशांनी.

वर्ष उलटल्यावर ती आमच्या केंद्रात भेटायला तयार झाली. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली, वडिलांना बाहेर उभं करून. तो समोर. तिच्या नखांत रोपांच्या ट्रेमधली काळी माती होती.

"घरला चल," तो म्हणाला. "पीत न्हाई मी. इचार म्याडमना."

"ठावं हाय मला. बरं झालं." तिनं उजवा कान पुढे केला होता. "पर मी यायची न्हाई."

त्याच्या दाढा आवळल्या, डावा पाय सरकला. तिनं ते पाहिलं आणि खुर्चीची कड घट्ट धरली. मी उठले. तो उभा राहिला, तिच्या शेजारून दारातून बाहेर पडला. खिडकीतून दिसत होतं, आवाराच्या कडेकडेनं तो चालत होता, मुठी वळलेल्या. बऱ्याच वेळानं त्या उघडल्या. आत येऊन बसला तेव्हा शर्ट घामानं भिजला होता.

"राग आला हुता," तो म्हणाला. "गेला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा विरघळेल. तिनं तसं काही केलं नाही.

"हे आदी केलं असतंस तर," ती म्हणाली. "आता मला दार लावून निवांत झोप लागती. ती मी सोडणार न्हाई. लेकीला भेटाया ये. माझा बा अंगणात असंल तवाच."

त्यानं मान खाली घातली. मग "बरं," म्हणाला.

ती उठली. दुपारनंतर ट्रेंना पाणी द्यायचं होतं आणि आष्ट्याची एसटी चुकवून चालणार नव्हतं. अजूनही तो रविवारी लेकीला भेटायला जातो. अंगणातल्या बाजेवर सासरा बसलेला असतो, शेजारी काठी टेकवून, आणि बापलेक त्याच्या नजरेसमोर शाळेचं पाठांतर करतात.