भाचीवर हात उचलत नाहीत

तो स्वतःच्याच थोबाडात मारून घ्यायचा. लटकं नाही, फाडकन. समोर आठ-नऊ वर्षांची भाची दात घट्ट मिटून बसलेली, आणि हा एकदा डाव्या गालावर, एकदा उजव्या. "आते खाशी का आखो मारू?" म्हणजे खातेस की अजून मारून घेऊ. शेवटी पोरगी रडत तोंड उघडायची आणि गोळी आत जायची. मग हा गाल चोळत बिडी पेटवायचा.

उधन्यात, गुजराती मुलखात, आमची खोली त्याच्या खोलीसमोर, मध्ये चार हातांची गल्ली. रोज संध्याकाळी आठला हा तमाशा. दिवसा आम्ही एकाच कापड-कारखान्यात, लूमच्या खात्यात, तो मागावर, मी कापडाच्या घड्या घालायला. तुमच्याही कामावर असा एखादा भांडकुदळ असेलच. आमच्या या गड्याने मुकादमाची कॉलर धरली होती, एका रिक्षाची काच फोडली होती, आणि चेष्टा केली म्हणून एकदा मलाही कानाखाली वाजवली होती. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आला. "गरम शे, पी," एवढंच म्हणाला.

"सगळ्या जगाला मारतोस, मग पोरीला एक लावून का देत नाहीस?" मी विचारलं. मी सोलापूरकडचा, मला त्यांची खानदेशी रीत ठाऊक नव्हती. तो म्हणाला, "भाची शे ती. भाचीना पाय पडतस. हात उचलतस का?"

त्याची बहीण आणि मेहुणा वर्षभरात एड्सने गेले होते. पोरगी एचआयव्ही घेऊनच जन्मलेली. गोळी रोज वेळेवर गेली पाहिजे, सारखी चुकली तर औषधच चालेनासं होईल, असं सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं होतं. गल्लीत मात्र त्याने फिटची गोळी म्हणून सांगून ठेवलं होतं.

मग दवाखान्याचा कागद कुणाच्या तरी हाती लागला. घरमालकाच्या भावाने नळावर पोरीची कळशी लाथेने उडवली. "ये छोकरी नल को हाथ नहीं लगाएगी!" ह्याने तीच कळशी उचलून त्याच्या तोंडावर घातली. दोन दात ओल्या फरशीवर पडले. पोलीस ह्याला घेऊन गेले.

तो तीन दिवस आत होता. आठ वाजले की समोरून काहीच आवाज यायचा नाही. बायको म्हणाली, "जाऊ नका, आपल्यालाही खोली सोडायला लावतील." शेजारची म्हातारी दारात भाकरी ठेवून जायची, पण गोळीचं कुणीच पाहिलं नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मला लाज वाटत होती, तरी वाढवला.

सुटून आल्यावर त्याला बाटलीत तीन गोळ्या जास्त सापडल्या. सिस्टरने त्याला फैलावर घेतलं. तू आत गेलास की हिला कोण देणार? खात्यात तो मला म्हणाला, "आते मी कोणलेबी मारस नही." मी हसलो. तो हसला नाही.

आठवड्याने घरमालकाचा भाऊ चौघांना घेऊन आला. त्या चौघांना हा एकटा आडवा करू शकला असता, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्याने पोरीला आत ढकललं, बाहेरून कडी लावली आणि खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. काठ्या पाठीवर पडत होत्या, सायकलची साखळी मानेवर. कातडी सोलून निघाली. गज त्याने सोडले नाहीत. "आठ वाजनात, माय," तो खिडकीतून ओरडत होता. "गोयी खाय." त्याच्या तोंडातलं रक्त चौकटीवर सांडत होतं. आत दिवा होता, मला सगळं दिसत होतं. पोरीने किंचाळत फळीवरची बाटली काढली, गोळी गिळली आणि तोंड उघडून त्याला दाखवलं.

ते लोक गेल्यावर मी आमच्या खोलीचं दार उघडलं. त्याची बोटं गजांवरून सुटत नव्हती, एकेक करून सोडवावी लागली. चौथ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला.

पोरीला सिस्टरने अशा मुलांच्या वसतिगृहात घातलं. आता ती एकोणीस वर्षांची आहे, भेस्तानला साड्यांवर खडे लावते, तब्येत चांगली धडधाकट. मागे बाजारात दिसली. मी हाक मारली. तिने वळून पाहिलं, ओळखलं, आणि मान फिरवून चालू लागली.

बरंच झालं. थांबली असती तर मी काय बोलणार होतो?