मुजम्मिलची वेबसाइट

वरवट बकालचा मुजम्मिल फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली, फवारण्या वाढल्या, तशी त्यानं हौसेनं वेबसाइट काढली. वर कोटातला स्वतःचा फोटो, भोवती गुलाब. पाहणाऱ्यांचा आकडा रोज फुगायचा, पण विचारपूस कोणी करेना.

"लोकायले कदरच नाही!" तो चरफडायचा.

शेवटी सोनाळ्याचे रामराव गळका पंप घेऊन दुकानात आले. "वेबसाइट पाह्यली तुही. फोन नंबर काऊन नाही टाकला?"

"पत्ता टाकला ना, काका! 'स्टँडवर कोणालेही विचारा.'"

"अबे, मोबाइलमंधी स्टँडवर कोणाले विचारू?"

मुजम्मिलनं कपाळावर हात मारला. "काका, पंपाचं मंग पाहू. आधी माह्या डोक्याचं नोझल चोंदलं, ते साफ करतो."